गाळणीतला आवाज

“नमस्कार. मी रजनी कोष्टी बोलतेय.”

हे वाक्य एका कपाटात जन्माला आलं. सांगलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव शिरगुप्पे यांच्या घरचं सागवानी कपाट. खाली गोधड्या, वर टांगलेल्या साड्या आणि मधे गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या रजनीताई. वय सत्तरीच्या पुढचं. शिरगुप्पे बाहेरून दार लोटून धरून उभे होते.

“खोलीत आवाज घुमतो, ताई! गोधड्या सगळा घुमारा पिऊन टाकतात. एकदम आकाशवाणी होणार बघा.”

“आकाशवाणी कसली, पाताळवाणी म्हणा. आणि दार सोडा. मी काय पळून चाललेय?”

रजनीताईंची उमर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचा, म्हणजे कोल्हापूरचा नवरा आणि माहेरी गेलेली बायको यांच्यामध्ये एक तार खोचायची. तो काळ गेला, एक्स्चेंज गेलं, आवाज तेवढा राहिला. गोल, ठाम आणि आश्वासक. संघाने म्हणूनच त्यांना निवडलं. फोनवरून म्हाताऱ्यांना लुटणाऱ्या टोळ्या वाढल्या होत्या. पोलिसांचं व्याख्यान ऐकून संघाने ठरवलं की, सावधगिरीच्या सूचना ताईंच्या आवाजात सगळ्यांना पाठवायच्या. घाबरू नका. लाजू नका. लगेच तक्रार करा. पहिला तास मोलाचा असतो.

त्या निरोपात ना पंख्याची घरघर होती, ना रस्त्यावरचा हॉर्न. धुऊन, वाळवून, घडी घातलेला आवाज, मधल्या बारीक कोरड्या खोकल्यासकट. तो ग्रुपवरून ग्रुपवर गेला. मिरजेला गेला, इस्लामपूरला गेला. रजनीताईंनी स्वतः तो भिलाईला थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलालाही पाठवला. आणखीही कुठेतरी तो पोचला, पण ते तेव्हा कुणाला कळणार होतं?


“फक्त ओळखीच्या आवाजालाच उत्तर द्या.”

संघाची एक रीत होती. एकटे राहणारे जे सभासद होते, त्यांना रजनीताई रोज सकाळी फोन करायच्या. एकच प्रश्न. “चहा झाला का?” झाला म्हटलं की माणूस सुखरूप, पुढचा नंबर. बंद घरात कुणी पडून राहिलं आणि वास सुटल्यावर कळलं, असं सांगलीत पुन्हा होऊ नये म्हणून ही सकाळची फेरी.

नंबर खोटे दाखवता येतात, हे पोलिसांनी व्याख्यानात सांगितलं होतं. त्यावर संघाने आपल्या डोक्याने तोडगा काढला: फोन कुठल्याही नंबरवरून येवो, ताईंचा आवाज असेल तरच बोलायचं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. शिरगुप्पे तर म्हणाले, “आवाज काही कुणी चोरू शकत नाही!” टाळ्या पुन्हा वाजल्या.

मग एका सकाळी:

“चहा झाला का, मुल्लाभाई?”

“झाला.”

फोन बंद. दस्तगीर मुल्ला म्हणजे गावभागातले जुने शिंपी. हा माणूस एरवी चहा झाला एवढं कधी म्हणतच नसे. झाला, पण दूध नासलं; नासलं म्हणून साखर घालून खाल्लं; खाल्लं तर दाढ दुखली, अशी मालगाडी निघायची. आज एकच डबा. दुसऱ्या दिवशी तसंच. बिरनाळेबाईंचंही तसंच. आणखी दोघांचं तसंच.

रजनीताई तिसऱ्या दिवशी उठल्या आणि मुल्लाभाईंच्या घरी जाऊन बसल्या. ते उशीच्या अभ्र्याला टीप मारत होते. यंत्र थांबवलं नाही.

“राग आलाय माझा?”

“राग कशाचा, ताई? बसा. चहा घ्या.”

“चहाचं मी विचारते रोज. आज तुम्ही सांगा.”

“काय सांगू? अडचण कुणाला येत नाही? तुम्ही मागितले, मी दिले. विषय संपला. परत करायचं मनात आणू नका.”

“काय मागितलं मी?”

यंत्र थांबलं.

मुल्लाभाईंनी सांगितलं. दुपारचा फोन. आधी “चहा झाला का?” मग मधेच तो कोरडा खोकला, ताईंचाच. मग अक्का दवाखान्यात आहे, आत्ता लागतायत, कुणाला सांगू नका मुल्लाभाई, मला लाज वाटते. मक्केला, उमराहला जायचं म्हणून मुल्लाभाईंनी जे बाजूला ठेवलं होतं, ते सगळं फोनवर सांगितलेल्या खात्यावर पाठवलं.

“अहो, मग तक्रार का नाही केलीत? माझाच तो निरोप आहे ना, पहिला तास...”

“पहिला तास मी दुवा मागत होतो. तुमच्या अक्कासाठी.”

“नंतर तरी!”

“कुणाची करू तक्रार?” मुल्लाभाई म्हणाले. “तुमची?”

तसाच फोन आलेल्या बिरनाळेबाईंनीही केली नव्हती. उरलेल्या दोघांनीही नव्हती. जो तो रजनीताईंची अब्रू राखत गप्प बसला होता.


“लाजू नका. लगेच तक्रार करा.”

ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी तेव्हा प्रत्येक शहरात अभय केंद्र निघालं होतं. खुर्च्यांना हात होते, पाणी कोमट मिळायचं. उपनिरीक्षक तेजस्विनी खोत यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या पडद्यावर एक आकृती आणली. डोंगररांगेसारखी.

“आजी, हा तुमचा आवाज.”

“आजी नको. ताई चालेल.”

“ताई. तुमच्या गळ्याची लांबी, टाळूची कमान, नाकामागची पोकळी, दातांतल्या फटी. यातून हवा जाते तेव्हा काही कंपनं फुगतात, काही दबतात. त्याचा हा नकाशा. एकदा नकाशा मिळाला की यंत्र त्याच्यावरून काय हवं ते बोलून दाखवतं. जन्मात तुम्ही उच्चारलं नाही तेसुद्धा. पूर्वी नकाशा काढायला तासन्‌तासांचं ध्वनिमुद्रण लागायचं. आता थोडकं पुरतं, फक्त स्वच्छ पाहिजे. मागे पंखा, गाडी, भांडी नकोत. बाकी नावं, नाती, तुमची चहाची रीत ग्रुपवरच्या गप्पांत सापडतेच. तुमचा असा निरोप कुठे मिळाला असेल त्यांना?”

रजनीताईंना कपाट आठवलं. डांबरगोळ्यांचा वास आठवला.

“खरा कुठला, खोटा कुठला हे तुमच्या यंत्राला कळत नाही?”

“काही वर्षं कळायचं. नकली आवाज श्वास चुकवायचा. आम्ही ती खूण पकडली की ते ती दुरुस्त करायचे. आम्ही दुसरी शोधली, त्यांनी दुसरी दुरुस्त केली. शेवटी खुणा संपल्या, ताई. म्हणून सरकारने प्रश्नच बदलला.”

बदललेला प्रश्न असा. सगळ्या फोन कंपन्यांच्या वाटेवर आता एक गाळणी बसली होती. कुणी फोनवर बोलायला लागलं की पहिल्या दोन-चार शब्दांतच त्या आवाजाचा नकाशा काढायचा, बंद केलेल्या आवाजांशी ताडून पाहायचा आणि जुळला की बोलणं तोडायचं. साधा फोन असो, चित्राचा असो, रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप असो. आवाज खरा की खोटा, हे गाळणी विचारत नव्हती. कुणाचा, एवढंच विचारत होती.

“म्हणजे माझा आवाज बंद करा म्हटलं की चोराचाही बंद.”

“लगेच.”

“आणि माझा?”

खोतबाईंनी पडद्याकडे पाहिलं. “तुमचाच तर बंद होतोय, ताई.”

“परत कधी चालू?”

“नकाशा त्यांच्याकडे आहे तोवर नाही.”

“ते काय परत आणून देणार आहेत थोडेच!”

“नाही.”

“किल्ली चोरीला गेली तर आपण कुलूप बदलतो,” रजनीताई म्हणाल्या. “गळा कसा बदलू, ते सांगा.”

नियम एवढाच होता की, आवाज ज्याचा त्यानेच संमती द्यायची. मुल्लाभाईंची तक्रार वेगळी नोंदली जाईल, तपास होईल, मिळालं तर मिळेल. गाळणीचा निर्णय मात्र रजनीताईंचा.

“सगळे जण देतात संमती?”

“फार थोडे. घरी विचारून येतो म्हणतात.”


“एकट्याने निर्णय घेऊ नका. घरच्यांशी बोला.”

रजनीताईंचं घर म्हणजे संध्याकाळचा एक फोन.

अक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. भिलाईला मुलाकडे असायची. तिची स्मृती आधी नावांपासून उसवत गेली, मग चेहऱ्यांपर्यंत आली. आता निरंजन तिला मुलगा वाटत नसे. घरी येणारा एक भला माणूस वाटे. सून तर कुणीच नव्हे. घास समोर धरला की ती तोंड घट्ट मिटून घेई. पण फोनमधून रजूचा आवाज आला की तोंड उघडे.

“अक्का, गार होतंय गं बघ.”

हे त्यांच्या आईचं बोलणं. दोघी बहिणी अंगणात रेंगाळत असायच्या आणि आई आतून ओरडायची, गार होतंय गं. रजनीताई आता तसंच म्हणायच्या आणि पलीकडे अक्का आ करायची. निरंजन पटकन घास घालायचा. असं रोज, ताट संपेपर्यंत. वरण-भात संपायला कधीकधी मालिकेचा एक भाग व्हायचा.

त्या संध्याकाळी ताट संपल्यावर रजनीताईंनी निरंजनला सगळं सांगितलं.

“मावशी, वेडी आहेस का तू? मुळीच नको करू.”

“अरे, माझ्या आवाजात लोकांना लुटतायत.”

“मग त्यांनी सावध राहावं. तूच तर सांगितलंस ना सगळ्यांना, तो निरोप पाठवून? आईला कोण जेवायला घालणार मग?”

“मी तिकडेच येऊन राहिले तर?”

भिलाईच्या बाजूने भांडं आपटल्याचा आवाज आला, सुनेच्या हातून बहुधा.

“तसं नाही गं, मावशी. पण क्वार्टर दोन खोल्यांचं. पोरांच्या परीक्षा... बघू ना. तू आत्ता घाई नको करू, एवढंच.”

रजनीताईंनी घाई केली नाही. आठवडा गेला. दुसरा लागला. सकाळच्या फेरीत त्या आता फोन लावताच आधी म्हणायच्या, “मी खरी बोलतेय हं.” आणि म्हणताना त्यांच्या लक्षात यायचं की, चोरही हेच म्हणत असणार.


“एकदा फसलेल्याला पुन्हा फसवतात.”

चोर याहून पुढे गेला होता.

बिरनाळेबाई, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, केंद्रात तक्रार करायला निघाल्या होत्या. पायात चपला घातल्या आणि फोन वाजला.

“काकू, चहा झाला का? तुम्हाला फसवलं ना त्या मेल्यांनी! आता कुठे उन्हातान्हाचं केंद्रात जाताय? मी इथे केंद्रातच बसलेय, तुमची तक्रार मीच नोंदवते. पहिला तास मोलाचा असतो, काकू. बँकेचा आकडा आला असेल बघा, तेवढा वाचून दाखवा.”

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक आकडा, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा, स्वच्छ वाचून दाखवला.

रजनीताई पोचल्या तेव्हा त्या चपला घालूनच पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि आधी पदर सावरला. परक्या माणसासमोर सावरतात तसा.

“तुम्ही बोलू नका,” त्या म्हणाल्या. “म्हणजे, फोनवर तुम्ही नव्हतात हे कळतंय मला. पण थोडा वेळ बोलू नका.”

रजनीताई तशाच मागे वळल्या आणि केंद्रात गेल्या. संमतीचं वाक्य त्यांच्याच आवाजात लागत होतं. खोतबाईंनी काचेची खोली उघडून दिली. खोलीच्या भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं, घुमारा पिणारं.

“मी रजनी कोष्टी. माझा आवाज बंद करण्यास माझी हरकत नाही.”

“थोडं मोठ्याने, ताई.”

“हरकत नाही.”

त्या संध्याकाळी त्यांना अक्काशी शेवटचं बोलायचं होतं. गाळणी मात्र तोपर्यंत थांबणार नव्हती. खोतबाईंनी लगेच म्हटलं होतं, तसं ते लगेच झालं.


“      ”

“      ”

(हे रजनीताई भिलाईला फोनवर बोलल्या.)

“मावशी? हॅलो? मावशी, आवाज येत नाहीये!”

“            ”

मग एक बाई मधे आली. कुणाचीच नसलेली, गोड आवाजाची. हा आवाज सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आला आहे, ती म्हणाली आणि तिने धन्यवाद दिले. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर रजनीताई तारा जोडत आल्या होत्या. ही किती शिताफीने तोडत होती.

त्या टंकून निरोप पाठवत राहिल्या. अक्काला अक्षरं ओळखू येत नव्हती. निरंजनने पहिल्या दिवशी लिहिलं, ‘आई जेवली नाही.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘नाही.’ तिसऱ्या दिवशी त्याने काहीच लिहिलं नाही.

इकडे संघाने शाल-श्रीफळ दिलं. सभागृह भरलं होतं. आभाराचे दोन शब्द बोला म्हणून शिरगुप्प्यांनी माइक पुढे केला. माइकला गाळणी नव्हती.

“नमस्कार. मी रजनी कोष्टी...”

पुढच्या रांगेतल्या दोघी खुर्चीत आक्रसल्या. एकीने पर्स छातीशी धरली. बिरनाळेबाई उठून बाहेर गेल्या. रजनीताईंनी नमस्कार तेवढा पुरा केला आणि त्या खाली बसल्या. सकाळची फेरी आता शिरगुप्पे करू लागले होते. ते चहाचं विचारत नसत, “आहात ना?” म्हणत.

पाचव्या दिवशी भिलाईहून निरोप आला. ‘आई जेवली. दोन वाट्या भात. काळजी करू नको.’

सहाव्या दिवशी, ‘आई मजेत. हसत होती.’

रजनीताईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही. मग रात्रभर... नाही, रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी त्यांनी गोंदियापर्यंतचं तिकीट काढलं, पुढे दुसरी गाडी. मुल्लाभाई स्टेशनवर पिशवी घेऊन आले.

“हे गाऊन शिवलेत तुमच्या अक्कासाठी. पुढून बटणं आहेत, घालायला सोपं जाईल. आणि ताई, पोचलात की फोन...”

जीभ चावून ते थांबले.

“मेसेज करा,” म्हणाले.

“तुमची तक्रार काय म्हणते?”

“म्हणते, तपास चालू आहे. मी म्हटलं, चालू दे. माझंही चालूच आहे.” ते हसले. “एक सांगू? परवा दुपारी फोन वाजला, तर मी धावत गेलो. वाटलं, तो चोर तरी असेल. तुमचा आवाज तरी कानावर पडेल.”


“संशय आला तर प्रत्यक्ष जाऊन भेटा.”

भिलाईच्या क्वार्टरचा जिना चढताना रजनीताईंना कुणीतरी हसताना ऐकू आलं. ओळखीचं हसू होतं. त्या पायरीवर थांबल्या. हसणं संपून बारीक कोरडा खोकला आला.

त्यांचा स्वतःचा.

निरंजनने दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“मावशी! कळवायचंस तरी.”

“कोण आहे आत?”

“ये, बस आधी. पाणी...”

“निरंजन.”

“तुझा तो निरोप होता ना, लाजू नका, तक्रार करा, तोच.” तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. “एका बोलणाऱ्या पेटीला दिला. घरातल्या घरात बोलते, फोनवरून जात नाही, म्हणून गाळणी लागत नाही. बेकायदा नाहीये, मी विचारून घेतलंय. आईनं चार दिवस एक घास घेतला नव्हता, मावशी. डॉक्टर नळी घालायची म्हणत होते. मी काय करायला हवं होतं, तूच सांग.”

त्याने खरंच विचारलं होतं. रजनीताई आत गेल्या.

आतल्या खोलीत अक्का पलंगावर टेकून बसली होती. चेहऱ्यावर थोडी तरतरी आलेली. मांडीवर साबणाच्या वडीएवढी पेटी, दोन्ही हातांनी धरलेली. समोर स्टुलावर वरण-भाताचं ताट.

“...आणि मग आईनं तुला झाडलं, आठवतं का?” पेटी म्हणत होती. “मला नाही झाडलं. मी धाकटी ना.”

हे रजनीताईंनी कधी सांगितलं नव्हतं. असं घडलंही नव्हतं. झाडलं होतं ते त्यांनाच. पण अक्का खुदकन हसली.

“अक्का,” रजनीताई म्हणाल्या. प्रवासाने घसा बसला होता. आवाज चिरका, दबका निघाला. “अक्का, मी रजू. मी आलेय गं.”

अक्काने मान वर केली. त्यांच्याकडे नीट, सभ्यपणे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं.

“शू. रजूचा फोन चालू आहे.”

“कोण आलंय गं, अक्का?” पेटीने विचारलं.

“कुणी नाही. एक बाई आहेत. तू बोल.”

निरंजन दारातून पुढे झाला, पेटी बंद करायला म्हणून त्याने हात लांबवला. रजनीताईंनी त्याचा हात धरला आणि मानेनेच नको म्हटलं. त्या स्टुलाजवळ बसल्या. भात कालवला, वरण थोडं जास्त घेतलं, अक्काला आवडे तसं. घास उचलला आणि ओठ मिटून वाट पाहत राहिल्या.

“अक्का,” पेटी म्हणाली, “गार होतंय गं बघ.”

अक्काने तोंड उघडलं.